सभागृहाचे कवच आणि नागरिकाची लेखणी

मंगरूळपीर वा रिसोड तालुक्यातील एखाद्या पदवीधर तरुणाने, गावचा रस्ता एकाच पावसाळ्यात वाहून गेला आणि त्यास अमुक लोकप्रतिनिधी जबाबदार आहे, असे आपल्या मोबाईलवरून लिहिले, अशी कल्पना करावी. त्याच सुमारास त्या लोकप्रतिनिधीने विधानसभेत उभे राहून एखाद्या शिक्षकाचे नाव घेतले व त्याच्यावर अपहाराचा आरोप केला, अशीही कल्पना करावी. दोघांचेही म्हणणे निराधार निघाले, तर तरुणावर फौजदारी खटला भरता येईल. शिक्षकास मात्र त्या आमदाराविरुद्ध कोणत्याही न्यायालयाची पायरी चढता येणार नाही. लोकशाहीतील वाणीस्वातंत्र्याचा प्रश्न या विषमतेत सामावलेला आहे.

आमदाराला मिळणारे हे संरक्षण अनाठायी आहे, असे मात्र नव्हे. राज्यघटनेच्या १९४व्या अनुच्छेदाने सभागृहातील भाषणास ते दिले आहे; संसदेपुरते हेच काम १०५वा अनुच्छेद करतो. सत्ताधीशांना प्रश्न विचारताना प्रतिनिधीच्या मनात कोर्टकचेरीचे भय असू नये, हा त्यामागील हेतू रास्तच आहे. प्रश्न निराळा आहे: जनतेच्या वतीने बोलणाऱ्यास जे अभय आवश्यक मानले गेले, त्याचा अल्पसा अंशही खुद्द जनतेच्या वाट्यास का येऊ नये?

उलट, विशेषाधिकाराचे हत्यार सभागृहाबाहेरील टीकाकारांवर उगारले जाते. १९६१ साली ‘ब्लिट्झ’चे संपादक रुसी करंजिया यांना आचार्य कृपलानींवरील लेखाबद्दल लोकसभेपुढे उभे करून समज देण्यात आली. मार्च २०१३ मध्ये विधान भवनाच्या आवारात एका पोलीस अधिकाऱ्यास मारहाण झाल्याच्या प्रकरणात पाच आमदार निलंबित झाले. आणि त्याच प्रकरणी आमदारांवर कडक शब्दांत टीका केल्याबद्दल निखिल वागळे व राजीव खांडेकर या दोन संपादकांविरुद्ध हक्कभंगाच्या सूचना आल्या. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनगीताचे प्रकरण विधान परिषदेच्या हक्कभंग समितीकडे गेले. विडंबन रुचेल वा न रुचेल. पण त्याने विधिमंडळाच्या कोणत्या कामात अडथळा आला, हे सांगणे कठीण आहे.

हे अधिकार नेमके कोणते, याची यादी कोठेही नाही. घटनाकारांनी ते कायद्याने निश्चित करण्याची मुभा विधिमंडळांना दिली व तोवर ब्रिटिश कॉमन्स सभेचा दाखला पुढे ठेवला. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो उल्लेख गेला. संहिता मात्र आली नाही. ज्या कॉमन्स सभेचा आदर्श आपण घेतला, तिने १८८० नंतर कोणासही कोठडीत धाडलेले नाही. फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच सभागृहाने वठवाव्यात, हे न्यायाच्या कोणत्या तत्त्वात बसते?

दुसरे शस्त्र अब्रुनुकसानीचे. महाराष्ट्रास त्याची ओळख फार जुनी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी महाराजांचा छळ होतो, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कारभारी बर्वे यांच्यावर केला आणि १८८२ साली टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. ज्या पत्रांवर त्यांनी भिस्त ठेवली ती बनावट निघाली होती, हेही विसरता कामा नये. परंतु पुढच्याच वर्षी ते तरुण महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. पुरावा खोटा होता. चिंता खोटी नव्हती. चुकीच्या पुराव्याची किंमत लेखकाने मोजावी, हे मान्य. ती तुरुंगवासानेच मोजावी काय, हा खरा प्रश्न आहे.

इंग्रजांनी १८६० साली दिलेला हा फौजदारी गुन्हा खुद्द इंग्लंडने २०१० मध्ये इतिहासजमा केला. आपल्याकडे मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो वैध ठरविला आणि भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात तो आजही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसह नांदतो आहे. सत्य व लोकहित, सद्‌हेतूने केलेली टीका, असे अपवाद कायद्यात आहेत. पण ते सिद्ध होतात खटल्याच्या अखेरीस. तोवर रोजगार बुडवून तारखांना जाणे, वकिलाची फी भरणे आणि खटला रद्द करून घ्यायचा तर नागपूरच्या खंडपीठापर्यंत धावणे, हे आरोपीच्या नशिबी येते. श्रीमंत फिर्यादीस हा खर्च किरकोळ, गरीब आरोपीस तो कंबरडे मोडणारा. म्हणूनच निकालाआधीच शिक्षा भोगून होते. आणि एकास लागलेली ही ठेच पाहून शंभर जण मौन पत्करतात, त्या मौनाचा हिशेब कोणत्याच जमाखर्चात येत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. मोबाईलवर एका रात्रीत एखाद्या शिक्षिकेची, तलाठ्याची वा दुकानदाराची अब्रू धुळीस मिळू शकते. सामान्य माणसाजवळ पुष्कळदा प्रतिष्ठेवाचून दुसरी मत्ता नसते. तिचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु त्यासाठी जलद दिवाणी दाद, दुरुस्ती व जाहीर क्षमायाचना आणि वाजवी नुकसानभरपाई हे उपाय तुरुंगाहून अधिक उपयोगी आहेत. सत्ताधाऱ्यांच्या सार्वजनिक वर्तनावरील टीकेस मात्र अधिक मोकळीक हवी. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तशी दिशा दाखविली आहे: शासन व स्थानिक संस्थांना बदनामीचा दावा लावता येत नाही, असे त्या निकालाने सांगितले.

आणखी एक उणीव दूर व्हावी. सभागृहाच्या कामकाजाचे खरे वृत्त छापणाऱ्यांस फिरोझ गांधी यांच्या प्रयत्नाने १९५६ साली संरक्षण मिळाले. आणीबाणीत ते हिरावले गेले, १९७७ मध्ये परतले आणि पुढे ३६१अ या अनुच्छेदाने घटनेत स्थिरावले. पण त्यात उल्लेख आहे तो वृत्तपत्राचा व नभोवाणीसारख्या प्रसारणाचा. स्वतःच्या नावाने मोबाईलवर लिहिणाऱ्या नागरिकाचा त्यात उल्लेख नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जेथील वार्ता मोठ्या दैनिकांत क्वचितच पहिल्या पानावर येते, तेथे तोच पुष्कळदा गावाचा वार्ताहर असतो.

विशेषाधिकारांची संहिता करावी, अब्रुनुकसानीचा फौजदारी गुन्हा रद्द करावा आणि ३६१अचे छत्र सद्‌हेतूने लिहिणाऱ्या प्रत्येकावर धरावे. हे करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, तेच या कायद्यांचे सर्वांत मोठे लाभार्थी आहेत. म्हणून ते आपण होऊन हे करतील, ही आशा भाबडी ठरेल. लिहिणाऱ्यांनी पुरावा तपासून लिहावे आणि मतदारांनी मत मागणाऱ्यास हा प्रश्न विचारावा. सभागृहाचे कवच जनतेनेच दिलेले आहे. ते जनतेविरुद्धची तलवार होऊ नये.