विश्लेषण : न दिसलेल्या प्रजाती कशा मोजतात?

पाहणीत दिसल्या तेवढ्याच प्रजाती जंगलात असतात, असे नाही. अ‍ॅन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडलेले सूत्र सोपे आहे : एकदाच आढळलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग करून त्याला दोनदा आढळलेल्यांच्या दुपटीने भागायचे. हा हुकलेल्या प्रजातींचा किमान अंदाज. पनामातील बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरांत मोठ्या झाडांच्या २२५ प्रजाती नोंदल्या गेल्या. ‘आर’मधील मोफत ‘व्हेगन’ पॅकेज याच पद्धतीने सुमारे २३६ सांगते.

पण नोंदीच अवेळी घेतल्या तर? प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांसाठी अनेकदा पावसाळा वगळून एकाच हंगामात पाहणी होते. उन्हाळ्यात सह्याद्रीतला तेरडा, बरेचसे बेडूक दिसतच नाहीत. ती उणीव कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढत नाही.