पाण्याची वही कोणाकडे?

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर झाले, गणपतीपुळे झाले, की मग कोणीतरी राजस्थानचे नाव काढतो. जैसलमेरचा किल्ला पाहायचा, आणि तेथून पुढे पक्का रस्ता सोडून आपल्याच गाडीने थरच्या वाळवंटात शिरायचे, दोन रात्री तंबू ठोकून राहायचे! बेत ऐकताच घरात उत्साह संचारतो. काका तंबूची किंमत काढतात, दादा गाडीवर लावायच्या मोठ्या दिव्यांची चौकशी करतो, आई चिवडा-लाडवांची यादी करते. आठ दिवसांत सामानाचा ढीग जमतो आणि तयारी पूर्ण झाली असे सर्वांना वाटू लागते.

माझे मत असे आहे की, ही तयारी नव्हे, ही नुसती खरेदी झाली. तयारी दुकानात होत नाही, ती वहीत होते. आणि ती वही घरातल्या शाळकरी मुलांच्या हाती असावी. असे मी का म्हणतो, ते आता पाहू.

पहिले पान पाण्याचे

आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. भोवतालची हवा याहून गरम झाली, की शरीराला उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. पावसाळ्यात मुंबईत घाम अंगावरून ओघळतो, म्हणून तो आपल्याला दिसतो. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो येताक्षणीच उडून जातो. कातडी कोरडी दिसते आणि शरीरातले पाणी मात्र कमी होत असते. कडक उन्हात श्रम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लीटरभर घाम सहज जाऊ शकतो. आपण पाणी पिण्यात काटकसर केली, म्हणून शरीर घामात काटकसर करीत नाही. यासाठी तहान लागेल तेव्हा प्यावेच. काटकसर करायची ती भांडी घासण्यात.

आता हिशेब मांडा. माणशी रोज ४ लीटर पिण्यासाठी आणि २ लीटर स्वयंपाक व धुण्यासाठी धरले, तर चौघांना दिवसाला २४ लीटर पाणी लागते. तीन दिवसांचे ७२ लीटर. त्यात अडचणीसाठी आणखी एका दिवसाचे २४ लीटर मिळवा. एकूण ९६ लीटर झाले. म्हणजे जवळजवळ १०० किलोग्रॅम वजन! एक धिप्पाड माणूसच जणू गाडीत जास्त बसला. हे वजन मान्य नसेल, तर मोठे दिवे आणि घडीच्या खुर्च्या घरी ठेवाव्यात, पाणी नव्हे. शिवाय हे सर्व पाणी एकाच पिंपात नको. वीस-वीस लीटरचे पाच डबे घ्यावेत. एक फुटला तरी चार उरतात.

दुसरे पान वाळूचे

वाळूत गाडी का रुतते? भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दाबाचे सूत्र तुम्ही शिकला आहात: बल भागिले क्षेत्रफळ. सामानासह गाडीचे वजन २,२०० किलोग्रॅम आहे असे समजा. प्रत्येक चाकावर ५५० किलोग्रॅम भार आला. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २.२ किलोग्रॅम इतका हवेचा दाब असेल, तर टायर जमिनीला ढोबळ मानाने २५० चौरस सेंटिमीटर टेकतो. हवा कमी करून दाब १.१ वर आणला, की हेच क्षेत्रफळ ५०० होते. भार तोच, पण तो दुप्पट जागेवर पसरला, म्हणून वाळू कमी दबते. उंटाच्या पायाचा रुंद, मऊ तळवा हेच काम करतो.

मात्र मऊ टायर चालताना सारखा दबतो, उठतो आणि त्यामुळे तापतो. म्हणून वाळूत गाडी हळू चालवावी, आणि पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी. म्हणजे हवेचा पंप व दाबमापक बरोबर हवा, फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सराव घरीच झालेला हवा.

इंधनाचाही असाच हिशेब करा. रस्त्यावर लीटरला १० किलोमीटर जाणारी गाडी वाळूत ५ किलोमीटरच जाईल असे धरावे. आत साठ किलोमीटर जाऊन परत यायचे असेल, तर जायला १२ लीटर, यायला १२ लीटर आणि राखीव आणखी १२ लीटर, असे ३६ लीटर डिझेल पक्का रस्ता सोडताना टाकीत असले पाहिजे.

ऋतूची निवड हाही तयारीचाच भाग आहे. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. तेव्हा उन्हाळ्यात हा बेत मनातही आणू नये. हिवाळ्यात दुसरी बाजू दिसते. जैसलमेरला जानेवारीत दुपारी सुमारे २४ अंश, तर पहाटे सुमारे ८ अंश तापमान असते. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा तापलेली वाळू रात्री आपली उष्णता भराभर आकाशात टाकून देते. म्हणून उबदार पांघरुणे घ्यावीत. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत शेगडी मात्र कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. रात्री बाहेर पडताना पायांत बूट व हातात विजेरी हवी, आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत. फुरसे कोकणातल्या मुलांना सांगायला नको; तोच विषारी साप थरमध्येही आहे.

"पण आता मोबाइल आहे ना!"

हा आक्षेप हमखास येतो. मोबाइलवर नकाशा असतो, मग कशाला एवढी वही? परंतु मनोऱ्याची कक्षा संपली की मोबाइलवरून मदत मागता येत नाही, आणि नकाशा वाट दाखवतो, वाळू किती मऊ आहे ते सांगत नाही. उपग्रह-दूरध्वनी आपल्या देशात परवानगीवाचून वापरता येत नाही. सीमेजवळच्या काही भागांत तर परवानगीशिवाय जाण्यासही बंदी आहे. म्हणून जुना उपाय हाच खरा. जाण्याची वाट, मुक्कामाची जागा आणि परतीची वेळ एका कागदावर लिहून तो जैसलमेरमधील एखाद्या भरवशाच्या माणसाकडे ठेवावा. "अमुक वेळेपर्यंत आमचा निरोप आला नाही, तर पोलिसांना कळवा" असे त्याला सांगावे. शक्य तर दोन गाड्या न्याव्यात आणि गावचा वाटाड्या बरोबर घ्यावा.

हे न केल्याने काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये डेथ व्हॅली नावाचे वाळवंट आहे. जुलै १९९६ मध्ये, भर उन्हाळ्यात, दोन मोठी माणसे आणि दोन मुले असे चौघे जर्मन पर्यटक भाड्याची साधी गाडी घेऊन तेथल्या आडवाटेला लागले. ऑक्टोबरमध्ये ती गाडी एका निर्जन घळीत सापडली. टायर निकामी झालेले होते, जवळ कोणीही नव्हते. त्या दुर्गम घळीत त्यांना शोधायला हवे, हे तीन महिने कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. मोठ्या माणसांचे अवशेष मिळाले ते २००९ मध्ये, गाडीपासून कित्येक किलोमीटर दूर. ही माणसे मूर्ख नव्हती. तुमच्या-आमच्यासारखीच सुट्टीवर निघालेली होती. यावरून घ्यायचा नियम एवढाच, की गाडी बंद पडली तरी ती सोडून चालू लागू नये. गाडी सावली देते, तिच्याजवळ पाणी असते आणि शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी कितीतरी लवकर दिसते.

वाळवंट रिकामे नाही

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या यादीत नसते. आपण जेथे तंबू ठोकणार, ती जागा कोणाची तरी आहे. सेवण गवताच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली असते. त्यावरून गाडी घुमवली, की ती वाळू मोकळी होऊन उडू लागते. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. आपल्या सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर एकेकाळी दिसणारा हा पक्षी आता मुख्यतः थरमध्येच उरला आहे. तेथे शेकोटीसाठी ज्या खेजडीच्या फांद्या तोडण्याचा मोह होतो, ती खेजडी म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमीच. म्हणून गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवावी आणि जळण घरून न्यावे.

पाण्याच्या बाबतीत तर तेथली माणसे आपले गुरू आहेत. अंगणात पडणारे पावसाचे पाणी ते जमिनीखालच्या बंदिस्त टांक्यात साठवतात. आपल्या गडकिल्ल्यांवरच्या टाक्यांचाच हा भाऊबंद. पाऊस थोडा, आणि त्याचाही भरवसा नाही. अशा ठिकाणी टांक्यातले पाणी ही त्या कुटुंबाची पुंजी असते. गावकरी पाहुण्याला पाणी देतील, नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच आपण ते हात-पाय धुण्यासाठी मागू नये.

परतण्याचा नियम

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. वाळवंटात चूक होते ती बहुतेक वेळा माहिती नसल्याने नव्हे, तर "आणखी थोडे पुढे जाऊ" या मोहाने. तो मोह मोठ्यांना अधिक होतो, कारण गाडी त्यांच्या हातात असते आणि माघार घेणे त्यांना कमीपणाचे वाटते. म्हणून परतण्याचा नियम घरीच, थंड डोक्याने लिहून ठेवावा: पाणी निम्मे झाले की गाडीचे तोंड परतीकडे. आपल्या हिशेबात दुसऱ्या दिवसाच्या रात्री बरोबर ४८ लीटर, म्हणजे निम्मे, पाणी उरते. तिसरा दिवस परतीचा, आणि चौथ्या दिवसाचे पाणी न वापरता परत आणायचे. निम्मे पाणी त्याआधीच संपले, तर त्याच वेळी परतायचे. मग सूर्यास्त कितीही सुंदर असो!

पाण्याची वही मुलांकडे द्यावी असे मी म्हणतो ते यासाठीच. रोज सकाळ-संध्याकाळ डबे मोजून त्यांनी आकडा लिहावा, आणि आकडा निम्म्यावर आला की "आता परत" असे म्हणण्याचा अधिकार त्यांना असावा. त्यावर "तू लहान आहेस, गप्प बस" असे उत्तर कोणी देऊ नये. काही पालकांना हे रुचणार नाही. घरातली शिस्त बिघडेल, असे ते म्हणतील. पण ही आज्ञा मुलाची नसते, मोजमापाची असते. मोजमापापुढे लहान-मोठे सारखेच, हेच तर विज्ञान आपल्याला शिकवते. ते वर्गात मान्य करायचे आणि सहलीत विसरायचे, हे बरे नव्हे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. हे गणित वर्गात घ्या; सहलीला कोणी जावो वा न जावो, दाब, बाष्पीभवन आणि उष्णता हे तीनही धडे त्यात येतात. आणि मित्रहो, तुम्ही येत्या रविवारी घरी एक प्रयोग करा. सकाळी माणशी ६ लीटर पाणी मोजून भांड्यांत भरा. प्यायला, स्वयंपाकाला आणि धुण्याला तेवढेच वापरायचे. नळ सोडायचा नाही. नेहमीच्या बादलीभर आंघोळीतच १५-२० लीटर जातात, हे तेव्हा ध्यानात येईल. संध्याकाळपर्यंत कोण नळाकडे वळले आणि किती वेळा, ते वहीत लिहा. ज्या घराला हा रविवार साधला, त्या घराने खुशाल वाळवंटात जावे. ज्याला साधला नाही, त्याने पुढच्या रविवारी पुन्हा प्रयत्न करावा. वाळवंट कोठे पळून जात नाही.