अत्तराने ओल वाळत नाही

"काय रे, गाडीत बेडूक पाळलेत की काय?" गेल्या पावसाळ्यात एका वर्गमित्राला नाशिकरोड स्टेशनावर सोडायला निघालो, तेव्हा घाईघाईने काच खाली करत त्याने विचारलेला हा प्रश्न. मी हसलो खरा, पण मनातून ओशाळलो. गाडी आजोबांची होती आणि त्या कुबट वासाचे पालकत्व मात्र आम्हा सर्वांकडे होते.

गाडी म्हणजे १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या 'फियाट ११००' वरून ती तयार होई. कंपनीने 'पद्मिनी' असे राजघराण्यातले नाव दिले, तरी लोक तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. तिचे उत्पादन कधीच थांबले आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघून गेल्या. माझे आजोबा पंचवटीत डॉक्टर होते. नंबर लावून, वाट पाहून घेतलेल्या या गाडीतून त्यांनी म्हसरूळ-मखमलाबादपर्यंत रात्री-अपरात्री व्हिजिटा केल्या. ते गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली.

घरात दोन पक्ष पडले. बाबांचे म्हणणे, भंगारात द्यावी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करा, वर हा वास सोसा, कशासाठी? २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे ओलांडलेल्या गाडीला 'व्हिंटेज' हा मान मिळतो; चाळिशीतली आमची गाडी नुसतीच म्हातारी. आजी काही बोलत नसे, पण गाडीत बसतही नसे. तिला दमा आहे.

मग उपाय सुरू झाले. काकांनी सुगंधी बाटली आणली, मावशीने डांबराच्या गोळ्या टाकल्या, आत्याने धूप दाखवायला सांगितले. (बंद गाडीत निखारा नेणे म्हणजे आगीला आमंत्रण, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली.) चार दिवस मोगरा दरवळला. पाचव्या दिवशी मोगरा आणि बुरशी हातात हात घालून बाहेर आले. हे मिश्रण मूळ वासाहून भयंकर होते.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठले. त्यांनी दार उघडले, एकदा नाक ओढले आणि म्हणाले, "दादा, वासाचं सोडा. पाणी कुठनं येतंय ते बघा."

दिवाळीच्या सुट्टीत मी तेच केले. रबरी मॅट उचलली, तर खालचे तागाचे अस्तर पिळण्याइतके ओले! मी आत बॅटरी घेऊन बसलो आणि धाकट्या भावाने बाहेरून काचेवर पाइपाने पाणी धरले. समोरच्या काचेभोवतीचे रबर वाळून कडक झाले होते. तिथून एक बारीक धार आत उतरत होती. दारांच्या तळाशी पाणी निघून जायला भोके असतात, ती कडुनिंबाच्या पाल्याने बुजली होती. डिकीत स्टेपनीच्या खाली तळेच होते. आणि आम्ही मायेने घातलेली ताडपत्री आतली वाफ आतच कोंडून ठेवत होती.

वास येतो तो बुरशीचा, आणि बुरशीला जगायला ओल लागते. भिजलेल्या कापडात एक-दोन दिवसांत ती मूळ धरते. पहिल्या पावसाच्या मृद्गंधावर आपण कविता करतो, तोही मातीतल्या सूक्ष्म जीवांचाच वास. पण मोकळ्या रानात जो गंध, तोच बंद पेटीत कोंदटपणा होतो.

काचेचे रबर बदलले, भोके मोकळी केली. कुजलेले अस्तर फेकून दिले. ते धुऊन उपयोग नसतो. सीट काढून ऑक्टोबरच्या उन्हात आठ दिवस उलटेपालटे केले, कारण आतला काथ्या वरून कोरडा दिसला तरी पोटात ओला राहतो. नाकाला फडके बांधून बुरशी घासली. रेक्झिन पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसले. (त्यात ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो.) सर्वात शेवटी खाण्याचा सोडा भुरभुरला आणि कोळशाची पुरचुंडी ठेवली. उरलासुरला वास हे दोघे शोषतात. पण ओल तशीच असेल, तर तेही बिचारे हतबल.

काही जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणतात, हा वास म्हणजे गाडीचे वय, तो जपावा. मला हे मुळीच मान्य नाही. या गाडीला वेगळी चौकट नसते. तळाचा पत्राच तिचा कणा. ज्या ओलीने वास येतो, तीच ओल तो कणा गंजवते. आणि दमेकरी माणसाला तो वास दाराबाहेर ठेवतो, हे वेगळेच.

मित्रहो, माझे म्हणणे गाडीपुरतेच नाही. ग्रंथालयातल्या तळच्या फळीवरची पुस्तके उघडून पाहा. तिथेही आपण डांबराच्या गोळ्या टाकून मोकळे होतो. मागची भिंत पाझरते, तिकडे कोणी हात लावून पाहत नाही. गोळ्या स्वस्त असतात आणि भिंतीला गवंडी लागतो, हे खरे. पण गोळ्यांचा खर्च दरवर्षी होतो आणि पुस्तके दरवर्षी कमी होतात.

गाडी भंगारात गेली नाही. पाडव्याला आजी पुढच्या सीटवर बसली. रामकुंडापर्यंत गप्प होती. मग हळूच म्हणाली, "तो वास गेला रे. पण यांच्या बॅगेतल्या स्पिरिटचाही वास यायचा, तोही गेला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी परतल्यावर मी आजोबांची व्हिजिटची चामडी बॅग माळ्यावरून काढली. तीही सादळली होती. सध्या ती गच्चीवर उन्हात आहे.