पोलाद आणि पराक्रम

पनवेलजवळच्या रोडपालीतील रहिवाशांना पोलादाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. शेजारीच कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आहे, पलीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. जाड पत्रे आणि सळया लादलेले ट्रेलर हे तेथील नित्याचे दृश्य. या पोलादाचा आणि राष्ट्राच्या जयापजयाचा संबंध काय, याचे उत्तर मात्र अहिल्यानगरला जाऊन पाहावे. तेथे लष्कराच्या चिलखती दलाने फेब्रुवारी 1994 मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. देशोदेशीच्या रणगाड्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धातील जपानी रणगाडेही तेथे उभे आहेत. प्रचंड पॅटनच्या तुलनेत ते खेळण्यासारखे भासतात. परंतु याच जातीच्या रणगाड्यांनी एकेकाळी ब्रिटिश साम्राज्याची झोप उडवली होती.

डिसेंबर 1941 मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या. दाट जंगल आणि रबराचे मळे यांतून रणगाडे चालणार नाहीत, अशी इंग्रज सेनानींची समजूत होती. त्यामुळे मलायाच्या रक्षणासाठी त्यांनी एकही रणगाडा ठेवला नव्हता. जपान्यांनी जंगल टाळून सरळ डांबरी रस्ता धरला. जित्रा येथे भारतीय पलटणींवर रणगाडे चालून आले, तेव्हा आयुष्यात रणगाडा न पाहिलेले जवान त्यांच्यासमोर होते. 7 जानेवारी 1942 रोजी स्लिम नदीच्या लढाईत मूठभर रणगाड्यांनी काही तासांत दोन ब्रिगेडची वाताहत केली. साम्राज्याच्या गाफीलपणाची किंमत भारतीय रक्ताने चुकवली.

या रणगाड्यांचे गुण निर्विवाद होते. ‘हा-गो’ हा हलका रणगाडा साडेसात टनांच्या आतबाहेर वजनाचा होता. कच्चे पूल त्याला पेलत, जहाजातून तो सहज उतरवता येई. इंजिन डिझेलवर चालणारे आणि हवेने थंड होणारे असल्याने आग लागण्याचा धोका कमी आणि पाण्याची कटकट नाही. विशेष म्हणजे हे इंजिन जपानने स्वतः घडवलेले होते. पाश्चात्त्यांचे बहुतेक रणगाडे पेट्रोलवर धावत असताना आशियातील एका राष्ट्राने हे साधले, ही गोष्ट लहान नव्हे.

दोषही तितकेच ठळक होते. हा-गोच्या चिलखताची जाडी केवळ 12 मिलिमीटर. जड मशीनगनच्या गोळ्याही ते जवळून भेदत. त्याची तोफ 37 मिलिमीटरची. फिरत्या बुरुजात एकच माणूस. त्यानेच तोफ भरायची, नेम धरायचा, डागायची आणि हुकूमही सोडायचे! ‘ची-हा’ हा मध्यम रणगाडा 15 टनांचा. त्याची 57 मिलिमीटरची तोफ पायदळाच्या मदतीला ठीक होती. शत्रूच्या रणगाड्यापुढे तिचे काही चालत नसे. 1939 साली मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोल येथे रशियनांनी हे दाखवून दिले होते. जपानने 47 मिलिमीटरची सुधारित तोफ बसवली. पण ती हाती येईतो जग पुढे गेले होते.

त्याची परीक्षा भारताच्याच भूमीलगत झाली. 20 मार्च 1944 रोजी तामूच्या परिसरात हा-गो रणगाड्यांची गाठ अमेरिकी बनावटीच्या ‘ली’ रणगाड्यांशी पडली आणि ते टिकले नाहीत. त्याच सुमारास सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपान्यांना अडवून धरत होती, तर इंफाळच्या आघाडीवर आझाद हिंद सेनेचे वीर जपान्यांच्या बाजूने लढत होते. दोन्ही बाजूंना भारतीय, आणि शस्त्र मात्र दोन्हीकडे परक्यांचे! पारतंत्र्याचे याहून विदारक चित्र ते कोणते?

जपानी सैनिकाच्या शौर्याविषयी त्याच्या शत्रूलाही शंका नव्हती. मग उणे कोठे पडले? अमेरिकेचे पोलाद-उत्पादन जपानच्या दहापटीच्या घरात होते. जे थोडे पोलाद होते, त्यावर पहिला हक्क नौदलाचा आणि विमानांचा. ‘यामातो’सारखी अजस्र युद्धनौका घडवणाऱ्या देशात रणगाड्याच्या वाट्याला उरलेसुरले आले. अमेरिकेने एकट्या ‘शर्मन’ जातीचे सुमारे 49 हजार रणगाडे काढले. जपानचा 75 मिलिमीटर तोफेचा ‘ची-नू’ तयार झाला तो मायभूमीच्या अखेरच्या लढाईसाठी राखण्यात आला. त्याला रण दिसलेच नाही. आणि दुसरा दोष मनाचा. रणगाडे नसलेल्या शत्रूवर मिळवलेल्या सोप्या विजयांनी जपानला आपली उणीव जाणवू दिली नाही.

अर्थात केवळ जाड चिलखताने युद्ध जिंकता येत नाही. 1965 साली खेमकरणच्या असल उत्तर येथे पाकिस्तानच्या नव्याकोऱ्या पॅटनची स्मशानभूमी झाली, ती आपल्या जवानांच्या कौशल्यामुळे आणि धैर्यामुळे. परंतु शौर्य आहे म्हणून साधनांची हेळसांड करणे हा शूरांवर अन्याय होय.

आज चित्र पालटले आहे. 2018 साली कच्च्या पोलादाच्या उत्पादनात भारताने जपानला मागे टाकून जगात दुसरे स्थान मिळवले. पण 1974 साली मंजूर झालेला ‘अर्जुन’ सैन्याच्या हाती पडू लागला 2004 साली, आणि त्याचे इंजिन जर्मन! लडाखच्या उंचीसाठी घडवलेला हलका ‘झोरावर’ 2024 साली समोर आला; त्याच्या पहिल्या नमुन्यालाही परदेशी इंजिनच बसवावे लागले. 1500 अश्वशक्तीच्या स्वदेशी इंजिनाची पहिली चाचणी मार्च 2024 मध्ये म्हैसूर येथे झाली, ही आशेची खूण आहे. जपानपाशी स्वतःचे इंजिन होते, पोलाद अपुरे पडले. आपल्यापाशी पोलाद आहे, इंजिन अद्याप घडायचे आहे.

कळंबोलीच्या बाजारातील पत्रा थेट रणगाड्याला लागत नाही. चिलखताचे पोलाद वेगळ्याच साधनेने सिद्ध होते. ती साधना प्रयोगशाळेत, कारखान्यात आणि आपल्या घरातल्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर सुरू होते. मुलांना अहिल्यानगरला अवश्य न्यावे. तेथे पॅटनसमोर छायाचित्र काढून झाले, की त्या लहानशा जपानी रणगाड्यापाशीही क्षणभर थांबावे आणि त्यांना सांगावे : शूरांच्या हाती अपुरे शस्त्र देण्याचे पाप आपल्या पिढीकडून घडता कामा नये.