बुरशीचं वकीलपत्र

बुरशीला आपल्यात कोणी वाली नाही. लोणच्यावर दिसली की बरणी मोरीत, पापडांवर दिसली की सुनेच्या माहेरचा उद्धार! म्हटलं, निदान आपण तरी तिचं वकीलपत्र घ्यावं, तेही बिनफीचं.

आमचे मेहुणे तामलवाडीला असतात. सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत लागतं ते गाव. भाद्रपदात त्यांच्या सोयाबीनमध्ये शिरलो, तर पानांना अळ्या चिकटलेल्या. कडक, पांढऱ्याफटक, काहींवर हिरवट भुकटी. "दाजी, रोग आला की वो!" म्हणत मेहुणे पंपाकडे धावले. रोग आला होता खरा, पण पिकाला नव्हे, अळीला!

या बुरशीचं नाव मेटारायझियम रिलेई. नाव परदेशी, पण राबते आपल्याच बांधावर. दमट हवेत तिचे बीजाणू अळीच्या अंगावर पडतात, कातडी भेदून आत शिरतात आणि आठवडाभरात अळीचा निकाल लावतात. मग मढ्यावर नवे बीजाणू पिकतात आणि वाऱ्याबरोबर पुढच्या अळीकडे निघतात. मजुरी नाही, उधारी नाही.

आणि आपण काय करतो? पंपात कीटकनाशक ओततो, वर बुरशीनाशकही. घरी चोर शिरला म्हणून हवालदार यावा, आणि आपण हवालदारालाच झोडपावं, त्यातली गत! पुन्हा त्या विषाला म्हणायचं 'औषध'.

किडे बुरशीनं मरतात, हे इटलीच्या आगोस्तिनो बासीनं १८३५ साली रेशीमकिड्यांवर दाखवून दिलं. त्याच्या नावाची बिव्हेरिया बॅसियाना आज कृषी केंद्रात पुडीत मिळते. म्हणजे रानात फुकट आलेली मारायची आणि दुकानातली विकत आणायची!

"पण बुरशी फार सावकाश मारते हो," असा आक्षेप येतो. कबूल. पावसानं ओढ दिली तर ती फिरकतही नाही, हेही कबूल. पण झटपट मारणारं 'औषध' कोणाकोणाला मारतं, तेही मोजा की! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बुरशीच्या खात्यावर असा एक तरी खून दाखवा.

तेव्हा पंप खांद्यावर घेण्याआधी चार पानं उलटून पाहा. जागोजाग पांढऱ्या, हिरवट अळ्या मरून चिकटल्या असतील, तर चार दिवस दम धरा. सरकारी कचेरीत आपण वर्षानुवर्षं धरतो, तेवढासुद्धा नको.