डॉक्टरांना खरं सांगा, मग पिशवी घ्या

घरात मांजर आलं की सल्ले आपोआप येतात. शेजारच्या काकू म्हणतात, दूध-पोळी कुस्करून घाला. दुकानदार म्हणतो, मांजराच्या अन्नाची सगळे हीच पिशवी नेतात. पण तुमच्या मांजराचं वजन करून, पोट चाचपून, दात बघून सांगणारा माणूस एकच असतो, जनावरांचा डॉक्टर. त्याचं ऐका. मात्र तो काय सांगणार हे तुम्ही त्याला काय सांगता यावर ठरतं.

आमचा बोका साडेसहा किलोचा झाला होता. काय खातो, असं डॉक्टरांनी विचारलं. "दोन वेळा मूठभर दाणे, बाकी काही नाही," मी छातीठोकपणे म्हटलं. त्यांनी दाणे कमी करायला सांगितले. महिनाभराने वजन तेवढंच. मग एकेक उलगडत गेलं. आई दुपारी बांगड्याचं डोकं घालायची. खालच्या आजी साय द्यायच्या. आणि माझी मूठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकली, तर ४५ ग्रॅम भरली! दोन वेळचे झाले ९०. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कोरडे दाणे पुरतात. डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून दवाखान्यात जाण्याआधी आठवडाभर एक कागद फ्रिजवर लावा. ज्याने जे घातलं, त्याने ते लिहायचं. दही-भात, बिस्किटाचा तुकडा, सगळं. सध्याच्या पिशवीचा मागच्या बाजूने फोटो काढून न्या. सुटे दाणे आणत असाल तर तेही सांगा. त्यावर ना तारीख असते, ना आत काय आहे ते लिहिलेलं असतं.

घर शाकाहारी असेल तर तेही मोकळेपणी सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मांजर दूध-पोळीवर धड राहत नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही. आणि मांसात टॉरिन नावाचा एक घटक असतो, तो मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडला की हृदय आणि डोळे बिघडतात. अमेरिकेत तर तयार पाकिटातलं अन्न खाणाऱ्या मांजरांचीही हृदयं याच कारणाने फुगत होती. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातले पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणजे पाकीट आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कुत्र्याचं अन्न तर मांजराला रोज घालूच नका. ते त्याच्यासाठी बनवलेलंच नसतं.

आता मनातली गोष्ट. दवाखान्याच्या फळीवर पिशव्या मांडलेल्या दिसतात आणि वाटतं, यात डॉक्टरांचं कमिशन असणार. असेलही. पशुवैद्य आणि अन्नाच्या कंपन्या यांचं नातं जुनं आहे. रॉयल कॅनिन ही कंपनीच १९६८ मध्ये एका फ्रेंच पशुवैद्याने काढली. पण तेवढ्यावरून सल्ला खोटा ठरत नाही. सरळ विचारा: हेच का? किती दिवस? दिवसाला किती ग्रॅम? एवढं परवडत नाही, दुसरं काही चालेल का? चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. कारण न सांगता नुसतं "हेच घ्या" म्हणत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आजारावरच्या खास अन्नाचं मात्र वेगळं. ते औषधासारखंच समजा. लघवीच्या त्रासावरचं अन्न एका प्रकारचे खडे विरघळवतं, दुसऱ्या प्रकारच्या खड्यांना काहीच करत नाही. किडनीच्या आजारावरच्या अन्नात प्रथिनं कमी असतात. वाढत्या पिल्लाला ते मारक. मैत्रिणीकडची उरलेली अर्धी पिशवी फुकट मिळतेय म्हणून आणू नका.

नवं अन्न एकदम घालू नका. आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत जा. आणि "भूक लागली की झक मारत खाईल" हे मांजराच्या बाबतीत विसरा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून लठ्ठ असलं, की त्याच्या लिव्हरवर चरबी साठते आणि जिवावर बेततं. एक दिवस तोंड लावलं नाही तरी डॉक्टरांना फोन करा. तोंडाला चव यावी म्हणून कालवण ओतू नका. त्यातला कांदा-लसूण त्याचं रक्त बिघडवतो. बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडंसं वर कुस्करा.

आणि बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय, कण्हतोय, पण थेंब पडत नाही, असं दिसलं तर कोणतं अन्न बदलायचं याचा विचार करत बसू नका. सकाळची वाट पाहू नका. टोपलीत घाला आणि त्याच रात्री दवाखाना गाठा.