बॉम्बचं दुसरं टोक

लढाऊ विमानांचे सिम्युलेटर खेळणाऱ्या मंडळींची एक जुनी तक्रार आहे. विमान खरं वाटतं, बॉम्ब खरा वाटत नाही! कॉकपिटमधलं प्रत्येक बटण चालतं, नुसतं इंजिन सुरू करायला दहा मिनिटं लागतात, पंखाखाली वजन लटकवलं की विमान वळताना जड होतं. एवढे सोपस्कार करून बॉम्ब टाकावा, तर तो ट्रकपासून दहा पावलांवर फुटतो आणि ट्रक आपला निवांत चालत राहतो.

तक्रार रास्त आहे. पण त्यावर बहुतेक जण जो उपाय मागतात तो मला पटत नाही. त्यांना हवा असतो मोठा जाळ, काळा धूर, थरथरणारा पडदा. थोडक्यात, सिनेमा.

सिनेमातला स्फोट हा बहुधा पेट्रोलचा भडका असतो. नारिंगी, गुबगुबीत, सावकाश वर चढणारा. खऱ्या बॉम्बची झळाळी डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते आणि मग दिसते ती मुख्यतः माती आणि धूळ. आवाजही लगेच येत नाही. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दोन किलोमीटरवरचा स्फोट आधी दिसणार आणि जवळजवळ सहा सेकंदांनी ऐकू येणार. ज्याला हे माहीत नाही त्याला खरा स्फोट खोटाच वाटेल :)

आता थोडं गणित. अमेरिकन मार्क-८२ हा नेहमीचा बॉम्ब ५०० पौंडी, म्हणजे साधारण २२७ किलोचा. त्यात स्फोटक असतं ९० किलोच्या आत. बाकी बहुतेक वजन पोलादी कवचाचं. मार्क-८४ हा २००० पौंडी, त्यात स्फोटक जवळजवळ पाचपट. मग नुकसानही पाचपट अंतरापर्यंत? नाही. हवेच्या दाबाचा तडाखा स्फोटकाच्या घनमुळाच्या हिशेबाने पसरतो. अंतर दुप्पट हवं तर स्फोटक आठपट लागतं. पाचपट स्फोटकाने अंतर पावणेदोनपटही होत नाही.

मग दूरवरची माणसं मरतात कशाने? त्या पोलादी कवचाच्या तुकड्यांनी. आणि नेमकी हीच गोष्ट सिम्युलेटरमध्ये नसायची. डीसीएसमध्ये अनेक वर्षं मुख्य हिशेब होता तो फक्त दाबाचा. तुकडे जवळपास नव्हतेच. शेवटी खेळणाऱ्यांनीच छोटे प्रोग्राम लिहून स्फोटाभोवती जादा नुकसान जोडलं. कारणही समजण्यासारखं आहे. हजारो तुकड्यांचा मार्ग मोजत बसलं तर घरचा कॉम्प्युटर गुडघे टेकेल. पण प्रत्येक तुकडा मोजायची गरज काय? इतक्या अंतरावर उघड्यावरचा माणूस वाचण्याची शक्यता किती, आडोशाला असेल तर किती, एवढा हिशेब पुरे. चित्र तसंच राहिलं तरी चालेल, परिणाम बरोबर हवा.

या बाबतीत २००१ सालच्या 'आयएल-२ स्टर्मोविक'चं मला कौतुक वाटतं. ग्राफिक्स आज जुनाट दिसतील, पण बॉम्ब किती सेकंदांनी फुटावा हे उड्डाणाआधी ठरवता यायचं. शून्य ठेवून झाडांच्या उंचीवरून बॉम्ब टाकलात की स्वतःच्याच बॉम्बने स्वतःचं विमान गेलं! हे कुणाचं कल्पनारंजन नाही. याच भीतीपोटी खऱ्या जगात 'स्नेकआय'सारखे बॉम्ब आले. त्यांच्या शेपटाचे चार पंख छत्रीसारखे उघडतात, बॉम्ब मागे रेंगाळतो आणि विमानाला निसटायला वेळ मिळतो.

उलट गोष्टही तितकीच खरी. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या वैमानिकांनी इतक्या खालून बॉम्ब टाकले की फ्यूज तयार व्हायला वेळच मिळाला नाही. कित्येक ब्रिटिश जहाजांवर बॉम्ब आदळले आणि फुटलेच नाहीत. 'एचएमएस अँटेलोप'वरचा असाच एक बॉम्ब निकामी करताना फुटला आणि जहाज बुडालं. न फुटलेला बॉम्ब हासुद्धा वास्तवाचाच भाग आहे.

स्फोट म्हणजे काय, हे मुंबईला वेगळं सांगायला नको. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. आत सुमारे १४०० टन स्फोटकं, शिवाय कापूस आणि सोनं. जळता कापूस आसपासच्या वस्त्यांवर पडला, सोन्याच्या विटा उडून दूर गेल्या, शेकडो माणसं मेली. त्यातली कितीतरी जहाजापासून लांब होती. स्फोट लक्ष्यापाशी थांबत नाही, हा त्यातला धडा.

माझा आग्रह आहे तो इथे. "अरे, गेम आहे, मजा घालवू नकोस," असं घरचेही म्हणतात आणि मित्रही. मला पडद्यावर रक्त नकोच आहे. पण १९९१ च्या आखाती युद्धापासून आपण बॉम्ब वरूनच पाहायला शिकलो: काळंपांढरं चित्र, मधे फुली, एक पांढरा ठिपका, संपलं. सिम्युलेटरही तेच दाखवतो. खालच्या टोकाचं काही कळतच नाही.

तुकड्यांचा पल्ला खरा असेल तर वैमानिकाला विचार करावा लागतो. आपले सैनिक किती जवळ आहेत? शेजारी घरं आहेत का? लहान बॉम्बने भागेल का, की आज बॉम्ब न टाकताच परतावं? खऱ्या वैमानिकाला हे प्रश्न असतात. खेळात ते नसतील तर आपण उडवायला शिकतो, बॉम्ब टाकायला नाही. बटणं हुबेहूब आणि परिणाम मात्र ढोबळ, याला मी वास्तव म्हणणार नाही.

जाळ थोडा कमी दाखवा, हरकत नाही. हिशेब तेवढा पुरा द्या.